मामाच्या जीपचा दुसरा गिअर : कामाच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

दिवाळी झाली आणि मामाची जीप एकदाची माझ्या दारात लागली. महिंद्राची सीजे-३बी, उंच बॉनेटची, पेट्रोल हरिकेन इंजिन अजून जागेवर आहे, तीन गिअरचा टी-९० गिअरबॉक्स आणि त्याच्या पाठीला डाना १८ ट्रान्स्फर केस, म्हणजे जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा आणि हाय-लो असे दोन वेग देणारा डबा. राधानगरीकडनं मामा स्वतः चालवत आला आणि मी शेजारी बसून बघत होतो, उतार लागला की त्याचा डावा हात गिअरच्या दांडीवर जातो आणि तिथंच दाबून धरतो, कारण हात काढला की दुसरा गिअर टपकन बाहेर. चार-पाच वर्षं असंच चाललंय म्हणाला. म्हणजे एका हातात स्टीअरिंग, एका हातात गिअर, आणि हँडब्रेकला तर जीवच नाही. ऐकून पोटात गोळा आला.

तक्रारी लिहून ठेवतो म्हणजे नंतर ताडून बघता येतील. अॅक्सिलरेटर सोडला की दुसरा सुटतो, ओढताना सुटत नाही. लो मध्ये टाकून जोर दिला की ट्रान्स्फर केसमधनं घरघर येते, जुन्या जीपला गिअरांचा सूर असतोच पण हा सूर नाही, ह्यात खडे फिरल्यासारखं आहे. हँडब्रेकचा ड्रम तेलानं माखलेला. ह्या जीपचा हँडब्रेक चाकात नसतो, ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडावर ड्रम असतो, त्यामुळे तिथलं ऑइल सील गेलं की पहिलं तेल ब्रेकच्या लायनरवर.

संध्याकाळी दोन्हीकडचे तेलाचे प्लग उघडले. गिअरबॉक्सच्या भोकात बोट घातलं, बोट कोरडंच बाहेर आलं. ट्रान्स्फर केसचा प्लग ढिला केला तर धारच लागली, खाली भांडं सरकवेपर्यंत फरशीवर. मामा म्हणतो तेल तर मी दर पावसाळ्याआधी भरतो. भरतोय बरोबर, पण ते मागं निघून जातंय आणि गिअरबॉक्स तहानलेला राहतोय.

गल्लीतले जे जे बघायला आले त्यातल्या सगळ्यांनी एकच सांगितलं, हा काढून टाक आणि पाच गिअरचा बसव. मला ते करायचं नाहीये. टी-९० बिडाचा आहे, जड आहे, पण साधा आहे, उघडला की सगळं डोळ्यासमोर. आणि हिशोब करा, पहिला गिअर २.७९८, ट्रान्स्फर केसचा लो २.४६, अॅक्सलमधलं क्राउन-पिनियन ८/४३ दातांचं म्हणजे ५.३७५, गुणाकार ३७. इंजिन ३७ वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरणार. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीसच्या जीपला लो १.९७ च होता, नंतरच्या सीजे गाड्यांना २.४६ आला तो शेतीचं काम डोळ्यासमोर ठेवून. मामाच्या पाणंदीला हेच लागतं.

१० नोव्हेंबर, रविवार

सकाळी सातला सुरू केलं, मी आणि भाचा. आधी धुलाई, मग मधला तळपत्रा काढला, बॅटरी सोडली, दोन्ही प्रोपेलर शाफ्टवर पांढऱ्या पेंटनं खुणा केल्या की कुठलं तोंड कुठल्या फ्लँजला, मग सोडले. स्पीडोमीटरची केबल, हँडब्रेकची केबल, क्लचची जोडणी. इंजिनाखाली सागाचा ठोकळा आणि जॅक, नाहीतर क्रॉसमेंबर काढल्यावर इंजिन मागच्या अंगाला बसतं आणि रेडिएटरच्या होजवर ताण येतो. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस एकत्रच उतरवले. दोघांच्या हातानं झेपणारं वजन नाही ते, ट्रॉली जॅकवर लाकडाची पाळण्यासारखी चौकट करून घेतली होती आधीच, त्यात बसवून हळूहळू खाली.

आता दोन्ही वेगळे करायचे. इथं एक गोष्ट लक्षात ठेवायची, विलीसच्या जुन्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पण दिलेली आहे. गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट मागं ट्रान्स्फर केसच्या आत गेलेला असतो, त्याच्या टोकावर ट्रान्स्फर केसला फिरवणारा गिअर. तसंच ओढलं तर मेन शाफ्ट पण मागं येतो आणि आत सिंक्रोचा, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या भागांचा, सगळा संच सुटून गिअरबॉक्सच्या तळाला. म्हणून वरचं शिफ्टिंगचं झाकण काढायचं, दुसऱ्या गिअरच्या मागं शाफ्टला तारेचा वेढा द्यायचा, पीळ मारून घट्ट करायचा आणि तारेचं टोक पुढच्या कव्हरच्या स्क्रूला बांधायचं. मग शाफ्टच्या मागच्या टोकावर लाकडी हातोडीनं टिचक्या मारत ट्रान्स्फर केस मागं घ्यायचा. बेअरिंग गिअरबॉक्सच्या बाजूला राहतं, शाफ्ट जागेवर राहतो.

पण त्याच्या आधी मागचं गोल कव्हर उघडून शाफ्टच्या टोकाचा नट सोडायचा असतो, आणि तिथं पहिला धक्का बसला. नटाला कॉटर पिन नाही. पिनेच्या जागी कुंपणाची बारीक तार दुमडून घातलेली, तीही एका बाजूनं तुटलेली. आणि नट, जो पान्याला पाईप लावून सुटायला पाहिजे, तो नुसत्या पान्यानं फिरला. फोटो काढून ठेवला. नट, वायसर, गिअर ओळीनं ट्रेमध्ये.

केसच्या तळाचा पत्रा उघडला तर सिलिकॉनच सिलिकॉन. लाल सिलिकॉनचे शेवयांसारखे तुकडे तेलात तरंगत होते. पॅकिंगच्या जागी कुणीतरी ट्यूबच पिळलेली आहे. सिलिकॉन बाहेर जेवढं दिसतं तेवढंच आत पण जातं, आणि आत गेलेलं तेलाच्या वाटेत जाऊन बसतं. कागदी पॅकिंग कापायला अर्धा तास लागतो, तेवढं तरी करावं माणसानं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज फक्त धुणं आणि मोजणं. डिझेलमध्ये ब्रशनं सगळं धुऊन, वाऱ्यानं उडवून, जुन्या चादरीवर मांडलं.

ट्रान्स्फर केसमधला मधला शाफ्ट, म्हणजे इंटरमिजिएट शाफ्ट, ह्या केसचा जीव तोच. डाना १८ मध्ये सरळ ड्राइव्ह नसतोच, गाडी हाय मध्ये असो की लो मध्ये, सगळा जोर ह्या मधल्या गिअरवरून जातो. गिअर फिरतो, आत निडल बेअरिंगच्या दोन जाळ्या, आणि शाफ्ट स्वतः फिरत नाही, मागनं एका लॉक पट्टीनं अडकवलेला असतो. आता शाफ्ट फिरत नाही म्हटल्यावर जोर कायम त्याच्या एकाच अंगावर येतो, वर्षानुवर्षं तिथंच. हातात घेतला तेव्हा दिसायला चकचकीत होता. पण अंगठ्याचं नख लांबीला धरून फिरवलं की एका बाजूनं सरळ जातं आणि दुसऱ्या बाजूला दोन ठिकाणी खट्ट करून अडकतं. मायक्रोमीटर लावला. टोकाला, जिथं निडल पोचत नाहीत तिथं ३१.७४, म्हणजे मूळचा सव्वा इंची. निडलच्या पट्ट्यावर, झिजलेल्या अंगानं ३१.६३. अकरा शतांश मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण तेवढ्यानं गिअर तिरका बसतो, दात कडेला चालतात आणि घरघर येते ती ही. निडलच्या जाळ्या मात्र नव्या दिसतात. म्हणजे मागच्या वेळी कुणीतरी जाळ्या नव्या घातल्या आणि शाफ्ट तोच ठेवला, खड्ड्यात नवीन निडल.

गिअरांचे दात भिंगानं एकेक बघितले, खड्डे नाहीत, एका गिअरला कडेला थोडी चमक आहे एवढंच. गिअर वाचले.

मग टी-९० घेतला. मी ठरवूनच आलो होतो की सिंक्रो गेलेला असणार. पितळी रिंगा झिजल्यात, हो, कोनवर दाबल्यावर फिलर गेज नीट जात नाही, त्या बदलायच्या. पण सिंक्रो गेला की गिअर पडताना कर्र वाजतो, पडलेला गिअर सुटण्याचं ते कारण होत नाही सहसा. दुसऱ्या गिअरचे लॉकिंगचे दात बघितले, किंचित गोल झालेत पण टोकं शाबूत. स्लीव्ह बरी आहे. फोर्क बरा आहे. शिफ्टिंगच्या झाकणातल्या, गिअर जागेवर धरून ठेवणाऱ्या गोळीमागच्या स्प्रिंगा दमलेल्या आहेत. पण एवढ्यानं दर उताराला गिअर सुटेल, पटेना.

चहा घेता घेता तो नटाचा फोटो परत बघितला आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मेन शाफ्टला पुढं-मागं होऊ न देणारी एकच गोष्ट आहे, ते मागचं बेअरिंग, आणि शाफ्टला त्या बेअरिंगशी घट्ट बांधणारी एकच गोष्ट म्हणजे ट्रान्स्फर केसमधला तो नट. नट ढिला म्हणजे शाफ्ट बेअरिंगच्या आत सरकायला मोकळा. बेअरिंग काढून बघितलं, खाली शाफ्टवर तांबूस पेस्ट साचलेली, लोखंडावर लोखंड घासून होते तशी. सगळं परत रचलं, नट जसा सापडला होता त्याच जागी आणला, शाफ्टच्या टोकाला डायल, म्हणजे बारीक हालचाल मोजायचं घड्याळ, लावला आणि पुढं-मागं ओढून बघितलं. २२ थाऊ, म्हणजे इंचाचे २२ हजारांश. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त.

दुसऱ्या गिअरचे दात तिरके असतात. इंजिन ओढतंय तेव्हा हे तिरके दात शाफ्टला एका दिशेला रेटतात. अॅक्सिलरेटर सोडला की चाकं इंजिनाला फिरवायला लागतात आणि रेटा उलटतो. शाफ्ट घट्ट असेल तर काही होत नाही, पण तो २२ थाऊ पळायला मोकळा असेल तर दर वेळी झटका बसतो, आणि दमलेल्या स्प्रिंगेवरची गोळी तो झटका धरू शकत नाही. म्हणून सुटतो तो फक्त उताराला. तेलाचंही तेच, ढिल्या बेअरिंगमधनं तेल मागं झिरपत राहिलं.

चार-पाच वर्षं मामा ज्या दांडीवर हात दाबून बसला होता त्या दांडीचा, त्या गिअरचा काही दोष नव्हता. एक कॉटर पिन नव्हती. मामाला फोन करून सांगितलं तर तो बराच वेळ गप्पच होता.

१७ नोव्हेंबर, रविवार

सामान. आमच्या इथल्या दुकानात ऑइल सील, निडलच्या जाळ्या, थ्रस्ट वायसर, शिमा (पातळ पत्र्याच्या चकत्या), स्प्रिंगा, बेअरिंग मिळालं. पितळी रिंगा दोन ठिकाणच्या बघितल्या, एक जोडी कोनवर ठेवल्यावर डुगडुगत होती, ती परत दिली. ही परीक्षा दुकानातच करायची, आपला गिअर पिशवीतनं घेऊन जायचा, रिंग कोनवर दाबायची आणि पिळायची, धरली पाहिजे, चारी बाजूंनी फट सारखी पाहिजे.

मधला शाफ्ट रेडिमेड मिळत होता. मायक्रोमीटर खिशातच होता, ३१.६८ भरला, आणि टोकाला कानस लावून बघितली तर कानस चावली. मऊ शाफ्ट. निडल त्याच्यावर सहा महिन्यांत नाली पाडतील. नको म्हटलं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

उद्यमनगरला शाफ्ट करायला टाकला होता. काल मतदान होतं त्यामुळे एक दिवस गेला. कोल्हापुरात राहण्याचा हा फायदा, एका गल्लीत टर्निंग, दुसऱ्या गल्लीत हार्डनिंग, तिसऱ्या गल्लीत ग्राइंडिंग, आणि एक नग आहे म्हणून कुणी हाकलून देत नाही. शाहू महाराजांच्या काळापासून ह्या गावाला यंत्राचा नाद आहे आणि तो अजून टिकून आहे.

मटेरियल ईएन ३५३ जातीचं पोलाद घेतलं, कारण बाहेरनं कडक आणि आतनं चिवट पाहिजे, सगळाच कडक केला तर झटक्याला तुटायचा. लेथवर ०.४ मिलिमीटर जास्तीचं ठेवून टर्निंग, मग केस हार्डनिंग, मग ग्राइंडिंग. एक बदल मी माझ्या मनानं करून घेतला, मागच्या टोकाला ओ-रिंगची, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी रिंगची, खाच. माझ्या ह्या केसमध्ये तिथं धातूवर धातू एवढंच आहे आणि तेल शाफ्टच्या कडेनं बाहेर रडतं. खाच मात्र हार्डनिंगच्या आधीच पाडून घ्यायची, नंतर कुणी हात लावत नाही.

ग्राइंडिंगवाले काका सत्तरीचे असतील. जुना शाफ्ट हातात घेतला, मायक्रोमीटर न लावता नुसतं बोट फिरवलं आणि म्हणाले, "जीपचा न्हवं ह्यो? लई केल्यात म्या असलं." मी ३१.७५ म्हणालो तर म्हणाले, "केस घिऊन ये की आधी. भोकाला बघून शाफ्ट करायचा, कागदाला बघून न्हाई." परत घरी येऊन रिकामा केस रिक्षात घालून घेऊन गेलो. बरं झालं गेलो, मागचं भोक किंचित मोठं निघालं. काकांनी निडलच्या जागी ३१.७४५ ठेवला आणि मागचं टोक भोकाच्या मापाला, हलक्या हातोडीनं जाईल असं. कडकपणा रॉकवेल स्केलवर ५८ च्या वर भरला. कानस लावली, नुसती घसरली, चरा पण नाही. सगळं मिळून १,८०० रुपये झाले.

२४ नोव्हेंबर, रविवार

ट्रान्स्फर केस बसवला. मधला गिअर बसवताना अडचण अशी की गिअर, आतल्या दोन जाळ्या, दोन्ही बाजूंचे थ्रस्ट वायसर हे सगळं केसच्या आत हवेत धरून मग मागनं शाफ्ट घालायचा असतो, आणि थ्रस्ट वायसरचा कान केसमधल्या खाचेतच बसला पाहिजे. घट्ट ग्रीसनं वायसर केसच्या भिंतीला चिकटवले, आणि जुना शाफ्ट गिअरच्या रुंदीएवढा कापून डमी केला होता, तो गिअरमध्ये घालून अख्खा संच आत सरकवला. नवीन शाफ्ट मागनं येत गेला, डमी पुढनं बाहेर निघत गेला. तिसऱ्या प्रयत्नात जमलं. पहिल्या दोन वेळा खालचा वायसर खाचेतनं निसटला होता. ओ-रिंगला तेल लावायला विसरायचं नाही, कोरडी गेली की कापली जाते. लॉक पट्टी लावली.

मग आउटपुट शाफ्ट. दोन्हीकडं टेपर बेअरिंग, आणि त्यांचा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, मागच्या कॅपखालच्या शिमांनी लावायचा. मॅन्युअल ४ ते ८ थाऊ सांगतं. पहिल्यांदा बसवून डायल लावला तर १४. एक ५ ची आणि एक ३ ची शिम काढली, ६ आला. ह्यात घाई नाही करायची, दर वेळी कॅप पूर्ण आवळूनच मोजायचं, आणि शाफ्ट चार फेऱ्या फिरवून मग, नाहीतर रोलर बसलेले नसतात आणि खोटं माप मिळतं.

एवढं सगळं झाल्यावर ट्रेमध्ये बघतो तर एक छोटी लोखंडी गोळी, कॅप्सूलसारखी. पुढच्या कॅपमधल्या दोन शिफ्ट रॉडच्या मध्ये बसते ती इंटरलॉकची. कॅप परत उघडली. ही गोळी काही लोक मुद्दाम काढून ठेवतात कारण ती नसली की पुढची चाकं न जोडता पण लो पडतो, वळायला बरं पडतं. पण लो मधला सगळा जोर मग एकट्या मागच्या अॅक्सलवर येतो, आणि चिखलात अडकलेल्या गाडीला कुणी घाईनं जोर दिला तर अॅक्सल शाफ्ट जाणार. ही गाडी मामा चालवतो, मामाचा गडी चालवतो, कधी शेजारी मागून नेतो. गोळी जागेवर गेली.

१ डिसेंबर, रविवार

टी-९०. मेन शाफ्टचं पुढचं टोक इनपुट गिअरच्या पोटात बसतं, तिथले सुटे रोलर ग्रीसमध्ये एकेक करून उभे केले, भाच्यानं दोनदा मोजले. नव्या पितळी रिंगा तेलात बुडवून बसवल्या. स्प्रिंगा जुन्या-नव्या शेजारी ठेवून बघितल्या, जुन्या २ मिलिमीटरनं आखूड. मागं नवीन बेअरिंग.

मग गिअरबॉक्सला ट्रान्स्फर केस जोडला, नव्या कागदी पॅकिंगसकट, पॅकिंगला ग्रीसचा पातळ हात, सिलिकॉन नाही. आणि शेवटी तो नट. शाफ्ट फिरणार नाही असा अडवला, पान्याला पाईप लावला, आवळला. पिनेची खाच जुळत नव्हती. अशा वेळी मोह होतो नट जरासा मागं घ्यायचा. मागं घ्यायचा नाही, पुढंच न्यायचा पुढची खाच येईपर्यंत. आली. नवीन कॉटर पिन भाच्याच्या हातानं घातली, दोन्ही पाय फाकवून मुडपले. डायल लावला, मेन शाफ्टचा प्ले आता जेमतेम ३ थाऊ, तोही बेअरिंगचा स्वतःचा.

८ डिसेंबर, रविवार

क्लच प्लेट तेलकट नव्हती, ती तशीच ठेवली. फ्लायव्हीलमधलं पायलट बुश गनमेटलचं नवीन करून आणलं. बेल हाऊसिंगची जुळणी तपासली, ठीक आहे. दुसरं काही नाही.

१५ डिसेंबर, रविवार

चढवला. दोन लांब बोल्टांची डोकी कापून त्यांना बेल हाऊसिंगच्या वरच्या दोन भोकांत फिरवून ठेवलं, त्यांच्यावरनं गिअरबॉक्स सरकत येतो आणि आपोआप सरळ राहतो. क्लच प्लेट जुन्या इनपुट शाफ्टनं मध्यावर आणून ठेवली होती. तरी शेवटचं एक बोट राहिलं होतं आणि पुढं जाईना. इथं बोल्ट आवळून ओढून घ्यायचा नाही आणि गिअरबॉक्सचं वजन क्लच प्लेटवर लोंबकळत पण सोडायचं नाही, प्लेटचा हब वाकतो. जॅक अगदी केसभर खाली घेतला, टॉप गिअरमध्ये टाकून मागची फ्लँज हातानं थोडी फिरवली आणि सटकन आत गेला. प्रोपेलर पांढऱ्या खुणांवर. हँडब्रेकला नवीन लायनर, ड्रम पेट्रोलनं पुसून.

२२ डिसेंबर, रविवार

गिअर ऑइल, ९० नंबर, जीएल-४ दर्जाचं. दुकानदार जीएल-५ देत होता, भारीचं आहे म्हणून. डिफरन्शियलला भारी आहे, पण त्यातले गंधकाचे रासायनिक घटक पितळेला खातात आणि आपल्या सिंक्रोच्या रिंगा पितळेच्या. दोन्हीकडं प्लगच्या भोकातनं यायला लागेपर्यंत भरलं. चारी चाकं उचलून ठोकळ्यांवर घेतली आणि दहा मिनिटं सगळ्या गिअरांत फिरवली. खाली वर्तमानपत्र पसरून रात्रभर ठेवली. सकाळी रुपयाएवढा एक डाग, स्पीडोमीटरच्या केबलच्या तोंडाशी. तिथलं छोटं सील बदललं, दुसऱ्या दिवशी कागद कोरडा.

२९ डिसेंबर, रविवार

जोतिबाला जाऊन आलो. चढताना टॉप-दुसरा-टॉप, रिंगा नव्या असल्यामुळे दुसरा घालायला किंचित घट्ट आहे, मोकळा होईल. देवाला नारळ दिला. उतरताना केर्लीकडच्या वळणावर मुद्दाम दुसऱ्यात ठेवून अॅक्सिलरेटर पूर्ण सोडला, हात दांडीपासून लांब, छातीत धडधड होती खरं. राहिला. परत दाबला, परत सोडला, सात-आठ वेळा. दांडी नुसती थरथरते तेवढीच, सुटत नाही. पायथ्याला गाडी बाजूला घेऊन हँडब्रेक ओढला, उतारावर गाडी उभी राहिली.

गिअरांचा सूर अजून आहे, टॉपला साधारण ४० च्या पुढं ऐकू येतो. तो राहणार, जुने दात नव्या जागी चालतायत. खडे मात्र गेले.

५ जानेवारी २०२५, रविवार

गाडी पोचवायला गेलो. मुद्दाम पाणंदीनंच नेली. उसाच्या ट्रॉल्यांनी दोन्ही बाजूला गुडघाभर चाकोऱ्या पाडल्यात आणि मध्ये ओढ्याचं पाणी. पुढची चाकं जोडली, लो, पहिला. इंजिनाच्या मिनिटाला हजार फेऱ्यांना ह्या टायरवर गाडी तासाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास चालते, म्हणजे शेजारून बैल चालत गेला तरी पुढं जाईल. अॅक्सिलरेटरवर पाय पण ठेवला नाही, ओढ्यात उतरली, दगड चाकाखाली एकेक करून आले गेले, बाहेर पडली. कुठं झटका नाही, घरघर नाही.

मग मामा चालवायला बसला. वस्तीकडनं खाली येताना उतार आहे, दुसरा टाकला आणि हात नेहमीसारखा दांडीवर. मी म्हटलं मामा काढ हात. काढला, मांडीवर ठेवला, आणि पुढच्या वळणाला परत दांडीवर. मी काही बोललो नाही.

घरी येऊन दोन्ही प्लग उघडले. जोतिबा आणि गावाकडचं मिळून २०० किलोमीटरच्या वर झाले असतील. गिअरबॉक्समध्ये बोट घातल्या घातल्या ओलं, ट्रान्स्फर केसमध्ये पण भोकाच्या काठाला, जास्त नाही कमी नाही. पुढच्या आउटपुटच्या सीलपाशी किंचित ओल आहे, फ्लँजवर सीलनं पाडलेली जुनी रेघ असणार. ५०० किलोमीटरला परत उघडून बघायचं आणि तेव्हाच ती फ्लँज काढून काकांकडं पॉलिशला द्यायची.